बोट सोडवायला आनेकलला कशाला?



ज्याचे हातावर पोट आहे त्याचा हातच निकामी होऊ लागला, तर त्याने जायचे कुठे? हा प्रश्न आज रेल्वेच्या प्रत्येक गँगमध्ये आणि डाक खात्याच्या प्रत्येक सॉर्टिंग हॉलमध्ये आहे. फक्त तो कुणी कागदावर मांडत नाही. अपघातात बोट तुटले तर पंचनामा होतो, रिपोर्ट होतो, युनियनचा पदाधिकारी धावत जातो. पण वीस वर्षे बीटर आणि पहार चालवून, इआरसी क्लिपवर घणाचे घाव घालून, टॅम्पिंग मशीनचा हादरा मनगटात मुरवून जो हात हळूहळू बधिर होतो त्याचा पंचनामा नाही. रोज हजारो पाकिटांवर तारखेचा शिक्का मारून, थैल्या उचलून, खणात टपाल लावून ज्या हाताची बोटे सकाळी उघडत नाहीत त्यांचा रिपोर्ट नाही. रक्त सांडले नाही, म्हणून इजाच झाली नाही, असे हे सरकारी गणित आहे. या गणिताविरुद्ध हा लेख आहे.

आजार नवा नाही, नाव मात्र माहीत करून घ्या

आपल्या हाताचे चार आजार प्रत्येक शाखेच्या सभासदाला ओळखता आले पाहिजेत.

पहिला, कार्पल टनेल. मनगटात हाडांची कमान आणि तिच्यावर ताणलेला जाड पट्टा, यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून हाताची एक मोठी नस जाते. बोगद्यात सूज आली की नस चेपते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. करंगळी बहुधा सुटते. रात्री झोप मोडते आणि माणूस हात झटकत बसतो. दुर्लक्ष केले तर अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सुकून सपाट होतो. तो सुकल्यावर ऑपरेशन करूनही गेलेली ताकद पूर्ण परत येईल याची खात्री नसते.

दुसरा, ट्रिगर फिंगर. बोट वाकवणारी कंडरा तळव्यातील एका कड्यातून सरकते. कडे जाड झाले की कंडरा अडकते. बोट वाकते, पण सरळ होत नाही. दुसऱ्या हाताने ओढले की बंदुकीच्या चापासारखे खट्‌कन सुटते.

तिसरा, पांढरी बोटे. कंप पावणारी अवजारे वर्षानुवर्षे धरणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या दगडखाणीत हवेच्या हातोड्यांवर काम करणाऱ्यांची तपासणी डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या बाईंनी १९१८ साली केली आणि दोष हातोड्याचा आहे हे दाखवून दिले. त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली.

चौथा, ड्युपुट्रेन. तळव्याच्या कातडीखालच्या पडद्यात गाठ येते, तिची दोरी होते आणि ती दोरी अनामिका किंवा करंगळी आत ओढून धरते. पॅरिसच्या बॅरन ड्युपुट्रेन यांनी १८३१ साली यावर व्याख्यान दिले, म्हणून त्यांचे नाव. आपल्या देशात हा आजार उत्तर युरोपच्या मानाने कमी आढळतो, पण आढळतो. टेबलावर तळहात सपाट टेकेनासा झाला की डॉक्टरांकडे जावे, ही त्याची सोपी खूण.

उपचार किती मोठा?

आता खरी गंमत पाहा. या आजारांवरचा उपचार बहुतेक वेळा अगदी छोटा आहे.

कार्पल टनेलमध्ये सुरुवातीला रात्री मनगटाला पट्टी, कामात बदल, गरज पडल्यास एक इंजेक्शन. त्याने भागले नाही तर तो जाड पट्टा कापून नस मोकळी करायची. हे काम तळव्यात लहान चीर देऊन होते, आणि दुर्बिणीनेही होते. जपानमध्ये ओकुत्सु आणि अमेरिकेत चाऊ यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुर्बिणीची पद्धत पुढे आणली. दुर्बिणीने केले तर माणूस सुमारे आठवडाभर लवकर कामावर येतो. पुढे काही महिन्यांनी पाहिले तर दोन्ही पद्धतींचे फळ जवळजवळ सारखेच.

ट्रिगर फिंगरला आधी इंजेक्शन. पुष्कळांचे बोट तेवढ्यानेच सुटते. मधुमेह असेल तर गुण कमी येतो आणि साखर काही दिवस चढते, एवढे लक्षात ठेवावे. नाहीच सुटले तर कातडी न चिरता ते कडे आतल्या आत मोकळे करता येते. ही कल्पना लोर्तिओआर या शल्यचिकित्सकाने १९५८ साली मांडली. पुढे साध्या जाड सुईनेच हे काम होऊ लागले. अंगठ्याजवळ नस फार उथळ असते, म्हणून तिथे सरावाचा हात हवा किंवा सरळ छोटी चीर बरी.

ड्युपुट्रेनची दोरी सुईच्या टोकाने जागोजाग कापून बोट सरळ करण्याची पद्धत फ्रान्समधल्या सांधेदुखीच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात रूढ केली. ऑपरेशन थिएटरसुद्धा लागत नाही.

पूर्ण भूल तरी लागते का? कॅनडातील डॉ. डोनाल्ड लालोंद यांनी हाताच्या शस्त्रक्रिया केवळ जागेवर भूल देऊन, दंडाला आवळपट्टी न बांधता, रुग्णाशी बोलत बोलत करण्याची पद्धत जगभर पसरवली. औषध कोणते? लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रेनलीन. दोन्ही प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या कपाटात असतात.

आणि आपल्याच मुंबईतील डॉ. बी. बी. जोशी यांनी हाडांना बाहेरून आधार देणारी, बारीक तारा आणि सळ्यांची स्वस्त पद्धत तयार केली. ती 'जेस' या नावाने देशभर वापरली जाते. कमी कापून, कमी खर्चात हात वाचवायचा, हे ज्ञान परदेशातून आणावे लागत नाही. ते आपल्या घरात आहे.

मग आनेकल कुठून आले?

आनेकल हा बंगळुरू नगर जिल्ह्याचा दक्षिणेकडचा तालुका. पिनकोड ५६२१०६. पलीकडे तमिळनाडूचे होसूर. याच तालुक्यात बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या औद्योगिक वसाहती आहेत. आनेकल रोड आणि हीललिगे ही स्टेशने आपल्याच दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या बंगळुरू विभागातली. बोम्मसंद्रला २००० साली नारायण हृदयालयाचा पाया घातला गेला आणि पुढे त्या आवारात मोठी रुग्णालय-वसाहत उभी राहिली. आज हाताच्या आजारावर कमी चिरफाडीचा उपचार शोधू लागलात की अशाच, महानगराच्या वेशीवरच्या मोठ्या खासगी रुग्णालयांची नावे पुढे येतात.

आमचे त्या रुग्णालयांशी भांडण नाही. कठीण हृदयशस्त्रक्रिया, अवघड जोडणी, यासाठी मोठी केंद्रे लागतातच. आमचा प्रश्न वेगळा आहे. जे काम जागेवरची भूल, एक सुई आणि एक शिकलेला हात यांनी होते, त्यासाठी सोलापूरच्या ट्रॅक मेंटेनरने रात्रभर उद्यान एक्सप्रेसमध्ये बसायचे काय? मिरजेच्या पोस्टमनने रजा टाकून, पदरचे पैसे मोडून, सोबतीला घरचे माणूस घेऊन बंगळुरू गाठायचे काय? कल्याण, भुसावळ, सोलापूर, नागपूर येथे रेल्वेची रुग्णालये कशासाठी बांधली? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, ही म्हण आपल्या आरोग्यव्यवस्थेने अक्षरशः खरी करून दाखवली आहे.

आणि दिव्याखालचा अंधारही पाहून घ्या. होसूर रस्त्याच्या दुतर्फा कपड्यांचे कारखाने आणि मशीनशॉप आहेत. दिवसभर कात्री चालवणाऱ्या, शिलाई मशीनवर बसणाऱ्या हजारो बायका तिथे काम करतात. एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर निर्बंध आले तेव्हा याच बायकांनी होसूर रस्ता अडवला आणि दोन दिवसांत केंद्र सरकारला निर्णय मागे घ्यायला लावला. कुणा मोठ्या पुढाऱ्याची वाट त्यांनी पाहिली नाही. त्यांच्या मनगटांचे काय? उंच रुग्णालयाच्या काचेत त्यांच्या कारखान्याचे प्रतिबिंब पडते, पण तंत्र जवळ असणे म्हणजे उपचार हाताशी असणे नव्हे. पैसा, रजा आणि हक्क या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय रुग्णालयाचे दार जवळ असूनही दूरच.

'ना चीर, ना टाका' या जाहिरातीपासून सावध

आता नाण्याची दुसरी बाजू. सुईचा उपचार हवा, पण सुईचा बाजार नको. 'ना चीर, ना टाका, संध्याकाळी घरी' अशा पाट्या वाचून आपले काही सभासद भुलतात. त्यांनी एक आकडा ध्यानात ठेवावा. ड्युपुट्रेनवर सुईचा उपचार आणि नेहमीची शस्त्रक्रिया यांची तुलना हॉलंडमध्ये करण्यात आली. तिचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. सुईने उपचार केलेल्यांत आजार परत येण्याचे प्रमाण सुमारे ८५ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर सुमारे २१ टक्के. म्हणजे सुई वाईट का? मुळीच नाही. सुईनंतर हात लवकर कामाला लागतो, जखम नाही, आणि पुन्हा गरज पडली तर पुन्हा करता येते. पण हे आधी सांगून रुग्णाला निवडू दिले पाहिजे. पॅकेजचा दर आधी आणि आजाराची माहिती नंतर, हा धंदा झाला, उपचार नव्हे.

आणखी एक उदाहरण. ती दोरी विरघळवणारे एक इंजेक्शन अमेरिकेत २०१० साली मंजूर झाले. युरोपातही आले. पण २०२० साली कंपनीने ते व्यापारी कारणांसाठी युरोपच्या बाजारातून काढून घेतले. औषध घातक ठरले म्हणून नव्हे, तर हिशेब जमेना म्हणून! कामगाराचा हात बाजाराच्या भरवशावर सोडला की काय होते, हे सांगायला आणखी पुरावा कशाला?

'हा तर घरकामाचा आजार!'

प्रशासनाचे ठरलेले उत्तर आम्हाला पाठ आहे. "बायकांना घरकामाने होते. मधुमेहाने होते. थायरॉइडने होते. वय झाले की होते." यात काहीच खोटे नाही. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांत कार्पल टनेल वाढतो. ड्युपुट्रेन घराण्यातून येतो. आम्ही हे नाकारत नाही. पण म्हणून कामाचा वाटा शून्य होतो काय? धूम्रपानाने फुप्फुस खराब होते, म्हणून सिलिकाची धूळ निर्दोष ठरत नाही.

ब्रिटनने काय केले ते पाहा. तिथल्या सरकारने १९०८ साली तारायंत्र चालवणाऱ्यांच्या हाताला येणारा पेटका भरपाईच्या यादीत घातला. पांढरी बोटे १९८५ साली घातली, कंप पावणाऱ्या अवजारांनी होणारा कार्पल टनेल १९९३ साली, आणि ड्युपुट्रेनसुद्धा डिसेंबर २०१९ मध्ये घातला. आनुवंशिक असूनही! त्यांनी अट घातली : कंप पावणारे अवजार एकूण दहा वर्षे वापरलेले असावे, आठवड्यातून किमान तीन दिवस, दिवसाला किमान दोन तास. म्हणजे शंका असेल तर अट घालता येते, दार बंद करावे लागत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत कंपनाने होणारे आजार आहेत. जोर लावून, पुनःपुन्हा तेच काम करून होणारा कार्पल टनेलही नाव घेऊन आहे. फार कशाला, इटलीच्या रामाझिनी या वैद्याने १७१३ साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत सतत लिहिणाऱ्या कारकुनांच्या हाताचे दुखणे नोंदवून ठेवले. तीनशे वर्षांपूर्वीच्या वैद्याला जे दिसले ते आपल्या मंत्रालयाला दिसू नये?

यादीत नाव नाही, म्हणून हक्क नाही

आपल्याकडे काय आहे? १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तिसऱ्या अनुसूचीत अशीच यादी आहे. शिसे, पारा, बेंझिन, क्रोमियम यांची विषबाधा आहे. आवाजाने येणारा बहिरेपणा आहे. सिलिकोसिस आहे, कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग आहे. पण कंपनाने होणारा आजार नाही. चेपलेली नस नाही. अडकलेली कंडरा नाही. जणू या देशात कामगार फुप्फुसाने काम करतो, हाताने करत नाही!

यादीत नाव नसण्याचा अर्थ नीट समजून घ्या. यादीत रोग असला आणि कामगाराने त्या कामावर ठरलेला काळ काढला असला, तर रोग कामामुळे झाला असे कायदा गृहीत धरतो आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. यादीत नसला, तर तो रोग एखाद्या विशिष्ट अपघाती इजेमुळेच झाला हे दाखवावे लागते. वीस वर्षांत कणाकणाने चेपलेल्या नसेचा अपघात कोणत्या तारखेला, किती वाजता झाला म्हणून लिहायचा?

रजेचेही तसेच. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी कामाशी निगडित आजार आणि इजेची रजा आली. रुग्णालयात असेपर्यंत पूर्ण पगार. त्यानंतर नागरी व रेल्वे कर्मचाऱ्याला सहा महिने पूर्ण आणि बारा महिने अर्धा पगार. कागदावर ही रजा चांगली आहे. पण आजार कर्तव्यामुळे झाला हे मान्य व्हायला हवे. तिथेच फाईल अडते, आणि सभासद आपली कमावलेली रजा खर्चून मनगटाला पट्टी बांधून बसतो.

आणि ग्रामीण डाक सेवक? तो ना केंद्रीय आरोग्य योजनेत, ना वैद्यकीय परिचर्या नियमांत. थैली तीच, शिक्का तोच, पण हात मात्र कुणाच्याच खात्यावर नाही.

भीती कसली?

आपले पुष्कळ सभासद दुखणे लपवतात. कारण एकच : मेडिकलमध्ये नापास झालो तर कॅटेगरी जाईल, पद जाईल, पगार जाईल. ही भीती निराधार नाही, पण कायदा आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० नुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसरे काम द्यावे लागते. काम नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे लागते. १९९५ च्या आधीच्या कायद्यातही हे होते. कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची ठाम अंमलबजावणी केली. मात्र हात कायमचा जाऊन हे कलम वापरण्यापेक्षा हात वेळेवर सोडवून घेणे शतपटीने बरे. दुखणे लपवणारा सभासद मंडळाचे पैसे वाचवतो आणि स्वतःचा हात घालवतो.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक विभागीय रेल्वे रुग्णालयात आठवड्यातून किमान एक दिवस हाताचा बाह्यरुग्ण विभाग चालवावा. ऑर्थोपेडिक सर्जनना जागेवरच्या भुलेने, सुईने व लहान चिरेने करण्याच्या उपचारांचे प्रशिक्षण द्यावे. नसेची गती मोजणारी तपासणी तिथेच व्हावी.

२. सोय नसेल तिथे ठरावीक मुदतीत जवळच्या रुग्णालयाकडे रेफर करावे. रुग्णाला शेकडो मैल पाठवू नये. डाक कर्मचाऱ्यांना बिलाच्या परताव्यासाठी खेटे घालायला लावू नयेत.

३. ट्रॅक मेंटेनर, की-मन, वर्कशॉपमधील कामगार, सॉर्टर, पोस्टमन यांच्या नियतकालिक तपासणीत हाताची तपासणी सक्तीची करावी आणि तिचा निकाल कामगाराला लेखी द्यावा.

४. कंपनाने व पुनरावृत्तीच्या कामाने होणारे हाताचे आजार अधिसूचना काढून व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूचीत घालावेत. यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याची गरज नाही. यादीत भर घालण्याचा अधिकार कायद्यानेच सरकारला दिला आहे. इच्छा हवी.

५. उपचारानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस हलके काम, भत्त्यात कपात न करता.

६. हादरा कमी करणारी अवजारे, दस्ताने आणि कामाची आलटापालट. गँगमधली रिक्त पदे भरा! दहाचे काम सहांनी केले तर मनगट चेपणारच.

७. ग्रामीण डाक सेवकांना सर्व वैद्यकीय सवलती.

शाखांनी काय करावे

मागण्या छापून भागत नाही. प्रत्येक शाखेने पुढील महिन्यात एक साधी वही उघडावी. त्यात सभासदाचे काम, वापरलेली अवजारे, किती वर्षे, कोणत्या बोटांना मुंग्या, रात्री झोप मोडते का, बोट अडकते का, एवढेच लिहून घ्यावे. नाव सभासदाच्या संमतीनेच बाहेर द्यावे. शंका असेल त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवावे, आणि केसपेपरवर कामाचे स्वरूप लिहून घ्यायला लावावे. 'ट्रॅक मेंटेनर, १८ वर्षे, टॅम्पर व घण' एवढे शब्द केसपेपरवर आले तरी उद्याच्या दाव्याचा पाया घातला जाईल. अशा वह्या घेऊन आपण पीएनएममध्ये आणि जेसीएममध्ये बसलो, तर 'असे रुग्णच नाहीत' हे उत्तर देण्याची कुणाची छाती होणार नाही.

हाताच्या काकणाला आरसा कशाला? आपल्या शेजारच्या सोबत्याचा तळवा पाहा. अंगठ्याखालचा उंचवटा भरलेला आहे की सुकला आहे, ते डोळ्यांनाच दिसेल. या हातांनी रूळ सरळ ठेवले, या हातांनी देशाची पत्रे घरोघर पोचवली. त्या हातांचे बोट सोडवायला आनेकलची वाट दाखवणाऱ्या प्रशासनाला एकच सांगणे आहे : सुई इथे आणा. नाही तर हे हात अजून मूठ वळू शकतात, हे विसरू नका.

कामगार एकजुटीचा विजय असो!